वाटून घेतलेली प्रदक्षिणा

१

लॉकलन कुरकुरला नाही असा एकही दिवस इशबेलला आठवत नव्हता. पावसाबद्दल काय, सगळा स्कॉटलंड कुरकुरतो. लॉकलन ऊन पडलं तरी कुरकुरायचा. शीड तापतं म्हणायचा. त्यामुळे हिवाळ्यात हृदयाच्या झटक्यानं तो इस्पितळात पडला आणि त्यानं तिथल्या पाणचट सूपबद्दल अवाक्षर काढलं नाही, तेव्हाच इशबेलच्या काळजात चर्र झालं. डॉक्टर काही सांगायच्या आधी तिला कळलं, की माणूस हातचा जातोय.

तिथंच खाटेचा दांडा धरून ती नवस बोलली. ती बेटावरची, कॅथलिक घरातली. नवस, मेणबत्त्या, उपास हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. "संत एर्नोगा," ती मनात म्हणाली, "हा माणूस मला परत दे. जसा आहे तसा दे. खाडीच्या टोकाला तुझी विहीर आहे, तिला मी सूर्याच्या वाटेनं तीन फेरे घालीन आणि तिचं पाणी ह्याच्या तोंडी लावीन."

तिसऱ्या दिवशी लॉकलननं डोळे उघडले. म्हणाला, "ह्या उशीत काय दगड भरलेत?"

इशबेल तिथंच ढसाढसा रडली. नर्सला वाटलं, बाई उशीमुळे रडते आहे. तिनं दुसरी उशी आणून दिली.

म्हणून जून उजाडताच दोघं आपली 'पीविट' नावाची जुनी शिडाची होडी घेऊन निघाली आणि एका ढगाळ सकाळी त्या चिमुकल्या खाडीत शिरली. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे काळंशार पाणी, पाण्यावर पाहुण्यांच्या होड्या बांधायला ठेवलेले चार-पाच पिवळे बोये. काठावर पांढऱ्या रंगाची एक बसकी इमारत आणि पत्र्यावर लिहिलेलं : शॉवर, धुलाई, गरम पाणी.

डॉक्टरांनी लॉकलनला ओढाताण बंद केली होती. म्हणून तो सुकाणू धरून बसला होता आणि इशबेल होडीच्या नाकावर पालथी पडून लांब आकडीनं बोयाचा दोर पकडायला धडपडत होती.

"डावीकडे!" लॉकलन ओरडला.

"सुकाणू तुझ्या हातात आहे की माझ्या?"

"मग सांगायचं नाही का, डावीकडे घे म्हणून!"

"तूच तर सांगतोयस!"

शेवटी दोर हाती लागला. शेवाळानं बुळबुळीत झालेला. लॉकलन म्हणाला, असले घाणेरडे दोर आपल्या ग्रीनॉकला कुणी कुत्र्यालासुद्धा बांधणार नाही. इशबेलनं मनोमन संताचे आभार मानले. माणूस ठणठणीत होता.

२

पीविटला बांधलेल्या छोट्या होडीतून काठाला जायचं म्हणजे वल्ही इशबेलनंच मारायची. लॉकलन समोर बसला की त्याच्या वजनानं होडीचं नाक पाण्यात जायचं आणि मागची बाजू बदकाच्या शेपटीसारखी वर यायची. वल्ही निम्मी हवेतच फिरायची.

"जोर लाव," लॉकलन म्हणाला.

"तू जरा कमी खा," इशबेल म्हणाली.

"खातोय काय मी? मीठ तर तू बंद केलंस."

काठाला पाय लावला आणि चिलटं आली. त्या किनाऱ्यावर जूनमधली चिलटं म्हणजे काय असतं, ते ज्याला चावलीत त्यालाच ठाऊक. धुराच्या लोटासारखी येतात, कानात, नाकात, भुवयांत शिरतात. त्यातून लॉकलन त्यांचा लाडका. शंभर माणसांतून त्याला हुडकून काढायची. तो दोन्ही हातांनी थोबाडीत मारून घेत त्या इमारतीपर्यंत पोचला.

इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या बाई दारात फरशी पुसत होत्या. त्यांचं नाव चिरस्टी गिलीज. वयानं साठीच्या पुढच्या, बाह्या सरसावलेल्या.

"ओल्यावर पाय ठेवू नका," चिरस्टी म्हणाली. "शॉवर हवाय ना? गरम पाणी आहे. म्हणजे असतं."

"आम्हाला विहीर बघायची आहे," इशबेल म्हणाली. "संत एर्नोगाची."

"बघितलीत की. तिच्याच पुढ्यात उभ्या आहात." चिरस्टीनं पुसायच्या दांड्यानं आत दाखवलं. "गावकीनं इमारत बांधली तेव्हा म्हणाले, पाणी तयार आहे तर नळ लांबून कशाला आणायचा? विहीर त्या शेवटच्या खोलीत आहे. वर लोखंडी झाकण घातलंय. मी तिथं बादल्या ठेवते."

इशबेलच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या भक्तीनं आलं आणि देव बादल्यांच्या खाली! लॉकलनला मात्र हसू आवरेना. "म्हणजे तुझा संत शॉवरला पाणी पुरवतो होय? लोकांच्या उपयोगी पडणारा पहिलाच संत बघितला मी."

"तोंड आवर, म्हाताऱ्या. त्याच्याच कृपेनं उभा आहेस."

पण नवस हा नवस. विहिरीला फेरा घालता येत नसेल तर इमारतीलाच घालू, म्हणजे आतल्या विहिरीला पोचेल, असं तिनं ठरवलं. मागच्या बाजूला गुडघाभर गवत, काट्यांचं रान, त्यातून पाऊलभर अरुंद वाट. सूर्याच्या वाटेनं म्हणजे उजव्या हाताला इमारत ठेवायची आणि चालायचं.

"तीन फेरे?" लॉकलन चिलटं झोडत म्हणाला. "तोवर माझं रक्त शिल्लक राहील का? हे बघ, दीड तू घाल, दीड मी घालतो. तू इकडून जा, मी तिकडून. मागच्या भिंतीशी भेटू, पुढं भेटू, परत मागं भेटू. झाले तीन. हिशेब चोख."

"तिकडून म्हणजे उलटा फेरा होईल रे."

"एक सुलटा, एक उलटा, म्हणजे सरळच झालं! ही चिलटं... इशबेल, मला आत्ता झटका येईल हं."

हे ऐकलं आणि इशबेल विरघळली. भरल्या घरातल्या बाईनं व्रताच्या दिवशी नैवेद्याआधी चमचाभर चाखून बघावं, तसलीच ही चूक. छोटीशी. कुणाला कळणार आहे?

ती सुलट्या बाजूनं, तो उलट्या बाजूनं, अशी दोघं निघाली.

३

मागच्या भिंतीशी ती दोघं भेटली. लॉकलन टोपीनं वारा घेत होता. "गवतात काटे आहेत. सांगितलं नाहीस," म्हणाला आणि पुढं गेला.

पुढच्या दारापाशी पुन्हा भेटली. "गुडघा दुखतोय," म्हणाला. चिलटांचा एक अख्खा ढग त्याच्याबरोबर कोपऱ्यावरून वळला.

शेवटचा अर्धा फेरा. इशबेल मागं पोचली तेव्हा तो अजून आला नव्हता. तिथं एकाएकी फार शांत वाटलं. आतून नळाचं गुरगुरणं येत होतं तेवढंच. मग लॉकलन कोपऱ्यावरून वळून आला. हातात टोपी होती. तोंडावर हसू होतं.

"सावकाश हं," तो म्हणाला. "गवत ओलं आहे. पाय घसरेल तुझा."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं. ती इतकी हरखली, की विहिरीचं पाणी त्याच्या तोंडी लावायचं राहिलं ते ध्यानातच आलं नाही. टॉवेल आणि साबणाची पिशवी दारातच विसरून ती त्याच्यामागोमाग होडीकडे निघाली. चालताना एवढंच मनात आलं, की मघापासून ती एकटीच थोबाडीत मारून घेते आहे. त्याच्या अंगाभोवती एकही चिलट नव्हतं.

देवाची कृपा, तिला वाटलं. दुसरं काय?

४

परत येताना तो समोर बसला, तरी छोट्या होडीचं नाक खाली गेलं नाही. वल्ही लोण्यासारखी पाण्यातून जात होती. नवस फेडल्यावर हाताला बळ येतं म्हणतात ते हेच, असं म्हणत इशबेल आनंदात वल्हवत राहिली.

पीविटवर तिनं चहा केला, ओटच्या कडक बिस्किटांवर चीज ठेवलं.

"वा," तो म्हणाला. "आभारी आहे, इशबेल."

तिनं गोळ्यांची डबी पुढं केली. एरवी त्या एका गोळीपायी महाभारत व्हायचं. त्यानं हात पुढं केला, गोळ्या घेतल्या आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं."

"साखर?"

"तू घालशील तेवढी."

घालशील तेवढी! इशबेल चुलीकडे तोंड करून उभी राहिली. हसावं की काय करावं, तिला समजेना. कितीजणी असल्या नवऱ्यासाठी उपास करतात! संतानं मागितल्यापेक्षा पदरात जास्तच घातलंय, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस मरणाच्या दारातून आला की बदलतो. वाचलंय की आपण. शिवाय वारा मंदावलाय, म्हणून चिलटं... पण वारा मंदावला तर चिलटं वाढतात. तो विचार तिनं मिठासारखा बाजूला ठेवला.

ती वळली तेव्हा त्याचा कप धुऊन, पुसून खुंटीला टांगलेला होता. त्याला उठताना तिनं ऐकलं नव्हतं. चहा पिताना पाहिलंही नव्हतं.

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. खाडीत आणखी दोन होड्या बांधलेल्या होत्या आणि बांधलेल्या होडीच्या रीतीप्रमाणे दोघींची तोंडं समुद्राकडे, वाऱ्याकडे होती. पीविट तेवढी वाऱ्याला पाठ देऊन उभी होती. तिचं तोंड त्या पांढऱ्या इमारतीकडे होतं.

"लॉकलन, आपली होडी उलटी का उभी राहिली?"

खरा लॉकलन ह्यावर अर्धा तास बोलला असता. दोराला, बोयाला, गावकीला आणि होडी बांधणाऱ्या सुताराच्या आजोबांना शिव्या घातल्या असत्या.

"छान आहे की," तो म्हणाला. "इथून काठ किती सुंदर दिसतो."

मग एक लाट आली. पीविट डावीकडे कलली, उजवीकडे कलली. टांगलेले कप डुलले, दिवा डुलला, इशबेलनं ओट्याची कड धरली. तो बाकावर बसला होता, हात मांडीवर ठेवून, हसत. तो डुलला नाही.

"माझा टॉवेल राहिला काठावर," इशबेल म्हणाली. आवाज आपलाच आहे का, तिला ओळखू येईना. "घेऊन येते."

"अवश्य जा. घाई करू नकोस. मी इथंच आहे."

५

इमारतीचं दार उघडं होतं. चिरस्टी धुलाईयंत्रापाशी बसून केकचा तुकडा खात होती.

"आलीस? तुझा माणूस गुणी हो!" ती म्हणाली. "मघाशी आत डोकावले, तर शॉवरची फरशी पुसत होता. न सांगता! माझ्या माणसानं इकडची काडी तिकडे केली नाही कधी. देव त्याला शांती देवो."

"तुमचा माणूस मेल्यावर कधी आला होता का पुसायला?" इशबेलच्या तोंडून निघून गेलं.

"आला असता तर पाय न पुसता आला असता," चिरस्टी म्हणाली आणि हसली.

तेवढ्यात शेवटच्या खोलीतून आवाज आला.

"इशबेल! कुठं मेलीस? दार उघड हे!"

इशबेलच्या हातून नुकताच उचललेला टॉवेल गळून पडला. धावत जाऊन तिनं दाराला धक्का दिला. दार हललं नाही. आत पाणी पडत होतं.

"लॉकलन?"

"नाही, इंग्लंडचा राजा! कोपऱ्यावरून वळलो आणि कुठं आलोय तेच कळेना. अंधार आहे, बादल्या आहेत, पाणी बर्फासारखं आहे. कडी काढ!"

"चिरस्टी, दार उघडा! माझा नवरा आत आहे!"

चिरस्टीनं कान दिला. "ते नळ आहेत गं. जुने झालेत, कुरकुरतात. त्या खोलीला कुलूप आहे, किल्ली गावकीकडे." मग खिडकीकडे बोट केलं. "आणि तुझा नवरा तो काय, होडीवर बसलाय."

इशबेलनं पाहिलं. पीविटच्या मागच्या बाकावर तो बसला होता. सरळ इकडेच बघत होता. त्यानं हात वर केला आणि हळूच हलवला.

दोन्हीकडे नवरा. एक समोर, एक दारामागं. डोकं शाबूत ठेव, इशबेलनं स्वतःला बजावलं. पहाटे लवकर उठलीस, पोटात काही नाही, नळच असतील. नळ बोलल्यासारखे वाटतात कधीकधी.

"इशबेल," नळ म्हणाले, "दार उघड ना. थंडी वाजतेय."

तिनं कान दाराला लावला. पाणी पडतच होतं.

"इशबेल, तुला जमेल तर उघडशील का?"

तिनं दोन्ही हातांनी कुलूप हिसडून पाहिलं.

"म्हणजे घाई नाही. तुझी कामं आटपून ये. तुला त्रास नको."

इस्पितळातला तो सूपचा वाडगा तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. जसाच्या तसा, न हललेला. आत तिच्या नवऱ्यातून काहीतरी थेंबाथेंबानं गळत होतं आणि शेवटचा थेंब गळला, की दोघांत फरक उरणार नव्हता. मग दार उघडलं काय, नाही काय.

"लॉकलन मॅक्फी!" ती दारावर मूठ आपटून ओरडली. "ऐक! आज रात्रीच्या बटाट्यातसुद्धा मीठ घालणार नाही मी!"

मग अगदी क्षीण आवाज आला. "हा... हा काय जुलूम आहे..."

अजून होता. थोडासा होता. इशबेलनं झग्याचा घोळ वर खोचला आणि ती बाहेर धावली.

६

देवाच्या कामात वाटणी करायला गेले ना मी, ती चालता चालता पुटपुटत होती. आता अख्खे तीन, माझ्या पायांनी, सूर्याच्या वाटेनं. चिलटं डोळ्यांत गेली, काटे पोटऱ्यांना लागले. ती थांबली नाही.

मागच्या भिंतीशी तो उभा होता.

तिनं वळून खाडीकडे पाहिलं नाही. छोटी होडी तर ती स्वतः घेऊन आली होती.

"इकडून ये," तो वाट दाखवत म्हणाला, आदबीनं, उलट्या बाजूला. "इकडून जवळ पडतं. काटेही नाहीत."

ती त्याच्या अंगाला न लागता भिंतीला खेटून पुढं गेली. भिंतीआतून नळ कुजबुजले, "माझ्यासाठी धावू नकोस गं."

दुसऱ्या फेऱ्याला तो तिथंच होता. हातात तिचाच टॉवेल होता, नीट घडी घातलेला. "दमलीस. बस जरा. पाणी आणू?"

तिला खरंच तहान लागली होती. उभ्या आयुष्यात तिला कुणी असं विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, पण पाय चालत राहिले. भिंतीतून आता काहीच ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्या फेऱ्याला तो वाटेच्या मधोमध उभा होता. चेहरा लॉकलनचा, पण धुऊन पुसून खुंटीला टांगल्यासारखा.

"मी तुला कधी दुखावणार नाही, इशबेल," तो म्हणाला. "तो दुखावेल. उद्याच दुखावेल. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," इशबेल म्हणाली.

"मग?"

तिला त्याचा राग आला नाही. उलट दयाच आली. ह्या बिचाऱ्यासाठी कुणी कधी खाटेचा दांडा धरून रडलं नसेल.

"तू फार चांगला आहेस रे," ती म्हणाली. "पण नवस मी चांगल्या माणसासाठी नव्हता केला. माझ्या माणसासाठी केला होता. जसा आहे तसा. बाजूला हो."

आणि तो झाला. सभ्यच होता तो. टोपी काढून बाजूला झाला.

७

"शेवाळ! बादली! कुलूप!" लॉकलन दारात उभा राहून एकेका गोष्टीचं नाव घेऊन ओरडत होता. नखशिखान्त भिजलेला. "किती वेळ बोंबलतोय मी! बहिरी झालीस का? आणि ही बाई केक खातेय!"

"कुलूप आपोआप निघालं गं," चिरस्टी म्हणाली. तिच्या हातातला केक तसाच होता. होडीवर कुणी दिसतंय का, ते बघायला ती खिडकीशी गेली नाही.

इशबेलनं बादलीतलं, विहिरीचंच, ओंजळभर पाणी घेतलं आणि त्याच्या उघड्या तोंडाशी धरलं.

"हे काय? घाणेरडं आहे!"

"पी मुकाट्यानं."

तो प्यायला आणि थुंकला. बाहेर येताच चिलटांचा लोट गावजेवण असल्यासारखा त्याच्यावर उतरला. तो थोबाडीत मारून घेऊ लागला आणि इशबेल रडत रडत हसू लागली.

छोट्या होडीचं नाक पार पाण्याला टेकलं. पीविट रिकामी होती, तोंड वाऱ्याकडे, शहाण्या पोरीसारखी. धुऊन टांगलेला तो कप खुंटीला तसाच होता. इशबेलनं तो हळूच काढला आणि समुद्रात सोडून दिला.

"कप का टाकलास? चांगला होता!"

"तडा गेला होता."

बोया सोडून निघताना तिनं एकदा मागं पाहिलं. चिरस्टी बाहेर भिंतीला टेकून सिगारेट ओढत होती, निवांत. आतल्या पांढऱ्या काचेमागं कुणीतरी फरशी पुसत होतं. सावकाश, एका लयीत, इकडून तिकडे.

"बघ," लॉकलन म्हणाला, "बाईनं मदतीला माणूस ठेवलाय. आता म्हणशील, त्याच्याकडून शीक काही."

"नाही म्हणणार," इशबेल म्हणाली. तिनं हात जोडले आणि त्या काचेमागच्यालाही कुठंतरी घर मिळू दे, एवढं संताला सांगितलं.

त्याला आता बरेच महिने झाले. ग्रीनॉकच्या घरात सगळं पूर्ववत आहे. लॉकलन उशीवर कुरकुरतो, सूपवर कुरकुरतो, शेजाऱ्याच्या मांजरावर कुरकुरतो. इशबेल ऐकते आणि देवघरातली घंटा ऐकावी तशी तृप्त होते.

फक्त परवा एकदा तिनं सूपचा वाडगा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं एक चमचा घेतला, मान वर केली आणि हसून म्हणाला, "छान झालंय हं, इशबेल."

पळी तिच्या हातात तशीच राहिली. न्हाणीघरात नळ गुरगुरला. तिला त्याच्याकडे बघवेना आणि नळाकडे कान देववेना.

लॉकलननं दुसरा चमचा घेतला.

"मीठ सोडून," तो म्हणाला. "ह्यापेक्षा इस्पितळातलं बरं होतं."

"देवा, तुझी कृपा," इशबेल म्हणाली आणि त्याच्या वाडग्यात डॉक्टरांच्या नकळत चिमूटभर मीठ टाकलं.